काचेच्या सरकत्या दरवाजाला पडदे की ब्लाइंड्स?

कवडसा
बैठकीच्या खोलीतून मागच्या अंगणात उघडणारा काचेचा सरकता दरवाजा आहे. दोन झडपा, एक पक्की आणि एक सरकणारी. रुंदी २४० सेंमी, उंची २१० सेंमी, तोंड पश्चिमेला. दुपार कलली की ऊन थेट सोफ्यावर येतं आणि त्याचं कापड एका बाजूने विटत चाललंय. संध्याकाळी दिवे लावले की बाहेरून सगळी खोली दिसते. आणि दिवसभराची ये-जा याच दारातून: मुलं, मांजर, कपड्यांची बादली.

घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो जाड पडदे लावा, दुसरा म्हणतो उभ्या पट्ट्यांचे व्हर्टिकल ब्लाइंड्स. रोलरही बघून झाले. विकणारा जो तो आपल्याकडचा माल चांगला म्हणतो, म्हणून वापरणाऱ्यांना विचारतेय. रोजच्या वापरात काय टिकतं आणि कशाचा वैताग येतो?

मोजपट्टी
मी ही कामं बसवून देतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे दार आहे, खिडकी नाही. खिडकीचं आवरण दिवसातून दोनदा हलतं, दाराचं प्रत्येक ये-जा करताना. त्यामुळे रंग आणि कापड नंतर बघा, आधी हे बघा की हातात बादली असताना ते बाजूला करता येईल का. दार आडवं सरकतं, तर आवरणही आडवं सरकणारंच बरं. पडदे, उभ्या पट्ट्या, सरकते पॅनेल हे सगळे त्यात बसतात. वर गुंडाळायचा रोलर असेल तर बाहेर जाण्यासाठी माणसाच्या उंचीपर्यंत तो दर वेळी वर घ्यावा लागतो. अर्धवट वर ठेवला की लोक वाकून जातात आणि खालची दांडी डोक्याला लागते.

दुसरी गोष्ट, गोळा झालेलं आवरण कुठे थांबणार? पक्क्या झडपेच्या बाजूला. सरकणाऱ्या बाजूला गठ्ठा ठेवलात तर दर वेळी तो चुकवत बाहेर पडावं लागेल. ऑर्डर देतानाच बाजू सांगावी लागते, पट्ट्यांच्या ब्लाइंड्समध्ये तर हमखास. आणि बाजू सांगताना "आतून बघताना डावी" असं लिहून द्या, नुसतं "डावी" नको.

तिसरी, हँडल. सरकत्या दाराचं हँडल आत ५-६ सेंमी येतं. ट्रॅक भिंतीपासून तेवढा पुढे नसेल तर पट्टी किंवा कापड रोज तिथे अडकणार.

भिंगरी
व्हर्टिकल ब्लाइंड्सबद्दल माझा अनुभव सांगते. दार उघडं आणि थोडा वारा असला की पट्ट्या एकमेकींवर आपटत राहतात. खट् खट् खट्. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, झोपताना. शिवाय खाली पट्ट्यांना जोडणारी बारीक मण्यांची साखळी असते, ती पाय अडकून तुटते. एक कडी तुटली की शेजारची पट्टी उलटी फिरते आणि मग सगळी रांग वाकडी दिसते. दार बंद ठेवणाऱ्यांनी खुशाल लावावेत. कवडसाताई, तुमच्याकडे मुलं आणि मांजर आहेत, तुम्ही नका लावू.

गोफण
मांजराचं मत घेतलं का? बाकीच्यांनी काहीही ठरवलं तरी अंमलबजावणी तेच करणार आहे.

कवडसा
गोफण, मांजराने नमुन्याच्या कापडावर बसून मत दिलं आहे :)

भिंगरी, साखळी नसलेल्या पट्ट्या मिळतात असं ऐकलं. त्याने फरक पडतो का?

मोजपट्टी
हो, मिळतात. पट्टीच्या तळाला बंद खिशात वजन शिवलेलं असतं, साखळी नसते. मांजर-मुलं असलेल्या घरी मी त्याच सुचवतो. आपटण्याचा आवाज मात्र तसाच राहतो, थोडा वाढतोच, कारण पट्ट्या मोकळ्या असतात. पट्ट्या साधारण ८९ आणि १२७ मिमी रुंदीच्या येतात. मोठ्या दाराला १२७ बरी: पट्ट्या कमी, गठ्ठा आटोपशीर. कापडी पट्टीचा आवाज प्लास्टिकच्या पट्टीपेक्षा कमी येतो.

भिंगरी यांच्या मताला एक जोड देतो. पश्चिमेच्या उन्हासाठी उभी पट्टी हा खरं तर चांगला विचार आहे. दुपारनंतर सूर्य खाली असतो, ऊन तिरपं येतं, दाराच्या वरचं छज्ज्यासारखं आच्छादन त्याला अडवू शकत नाही. उभ्या पट्ट्या सूर्याच्या उलट दिशेला थोड्या फिरवल्या की ऊन अडतं आणि दुसऱ्या बाजूचं अंगण दिसत राहतं. हे पडद्याला जमत नाही, तो एक तर उघडा नाही तर बंद.

तावदान
सगळे आतल्या आवरणाबद्दल बोलतायत, म्हणून मूळ मुद्दा मांडतो. उन्हाची उष्णता काचेच्या बाहेर अडवायला हवी.

ऊन काचेतून आरपार येतं आणि पडद्यावर पडतं. पडदा तापतो. तापलेला पडदा जी उष्णता बाहेर टाकतो तिची तरंगलांबी मोठी असते आणि साधी काच तिला परत बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे उष्णता खोलीत शिरून बसली. त्यातून पडदा गडद असेल तर तो ऊन शोषून घेतो आणि त्याच्या नि काचेच्या मधली हवा तापून वरच्या फटीतून खोलीत येते. दुपारी चारला पडद्याच्या वरच्या कडेजवळ हात धरून बघा, गरम झोत लागतो.

आतून लावायचं असेल तर काचेकडची बाजू पांढरी हवी, म्हणजे ऊन प्रकाशाच्या रूपातच परत फिरतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा आकडा आहे: मध्यम रंगाचा पडदा आणि त्याला मागून पांढरं प्लास्टिकचं अस्तर असेल तर आत येणारी उष्णता ३३ टक्क्यांनी कमी होते. एक तृतीयांश. वाईट नाही, पण दोन तृतीयांश आत येतेच की. बाहेरून लावलेली जाळी, बांबूची चिक किंवा उभं खाली येणारं कापड याहून कितीतरी जास्त अडवतं, कारण तिथे तापलेली वस्तू घराबाहेर असते.

पश्चिमेला पुढे आलेलं कापडी छप्पर पुरत नाही, आवरण उभं खाली उतरणारं हवं. दोन्ही कडांना खाचेत धरलेली जाळी वाऱ्यात फडफडत नाही.

कवडसा
तावदान, हे कुणीच सांगितलं नव्हतं! पण बाहेरची जाळी खाली असताना दारातून जायचं कसं? परत मोजपट्टी यांचा पहिला मुद्दा आला ना?

तावदान
बरोबर पकडलंत. म्हणून दोन झडपांना दोन वेगळ्या जाळ्या. पक्क्या झडपेवरची दुपारी खाली सोडून द्यायची, सरकणाऱ्या झडपेवरची गरजेपुरती. अर्धं ऊन तर कायमचं गेलं.

सुईदोरा
पडद्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, मी मांडते. मी पडदे शिवते.

सरकत्या दाराला पडद्याइतकं सोपं काही नाही. एका हाताने ढकलला की बाजूला. तुटायला काही नाही, काढून धुता येतो, वाऱ्यात आवाज करत नाही. पडदे वाईट दिसतात किंवा त्रास देतात त्याचं मुख्य कारण एकच: कापडात केलेली काटकसर. दाराच्या रुंदीएवढंच कापड घेतलं तर ते ताणलेल्या चादरीसारखं दिसतं. ट्रॅकच्या लांबीच्या किमान दुप्पट कापड हवं. झिरझिरीत कापड असेल तर अडीच पट.

तुमचाच हिशोब करू. दार २४०. ट्रॅक दोन्हीकडे २५-२५ सेंमी पुढे न्यायचा, म्हणजे २९०. असं केलं की पडदा गोळा झाल्यावर बराचसा भिंतीवर जातो, काच मोकळी राहते. दुपटीने ५८०. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, १४० असेल तर चार पन्हे जोडून ५६० होतात, शिवणीत थोडे जातात. चुण्या दुपटीपेक्षा किंचित कमी पडतील, चालेल. तीन पन्ह्यांत भागवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

रॉड नको, ट्रॅक घ्या. जाड रॉडवर आयलेटच्या कड्या घासत जातात आणि लांब रॉडला मध्ये आधार लागतो. त्या आधारापाशी कडी अडते, मग माणूस जोर लावतो, मग भिंतीतला स्क्रू हलतो. ट्रॅकमध्ये चाकं असतात, मधले आधार वरून धरतात, पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडता जातो.

खालची दुमड जमिनीपासून एक ते दीड सेंमी वर. अंगणातून येणाऱ्या पायांची माती, पाणी, पानं सगळं त्या कडेला लागतं. जमिनीवर लोळणारा पडदा फोटोपुरता ठीक, ये-जा असलेल्या दाराला अजिबात नको. दुमडीत वजनाची बारीक साखळी घालून घ्या, वाऱ्याने पडदा उडून दारात अडकत नाही.

भिंगरी
सुईदोरा, टाळ्या! वाचनखूण साठवली.

सावलीशोध
मी रोलरच्या बाजूने. मोजपट्टी यांनी रोलरला फारच लवकर निकालात काढलं.

आमच्याकडे दोन झडपांवर दोन स्वतंत्र रोलर आहेत, सनस्क्रीन कापडाचे. म्हणजे जाळीसारखं विणलेलं, त्यात छिद्रांचं प्रमाण ठरलेलं असतं: १, ३, ५, १० टक्के. ५ टक्क्यांचं घेतलं. ऊन मावळतीला सरळ डोळ्यांत यायचं ते थांबलं, आणि झाडं दिसतात. ये-जा करायची ती बाजू उघडी ठेवतो, दुसरी खाली. गुंडाळल्यावर वर छोटीशी नळी राहते, भिंत अडत नाही, धूळ धरायला चुण्या नाहीत.

एक नवल सांगतो. गडद कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, पांढऱ्यातून धूसर. पांढरं कापड स्वतःच उजळतं, त्याच्या पलीकडचं दिसत नाही. उष्णतेसाठी मात्र पांढरं बरं, तावदान म्हणतात तसं. बाहेरून पांढरं आणि आतून गडद असं दुपदरी कापडही येतं, आम्ही तेच घेतलं.

मोजपट्टी
सावलीशोध, दोन रोलर केलेत तर माझा आक्षेप निम्मा गेला. पण दोन रोलरच्या मध्ये दोन-तीन सेंमीची उभी फट राहते हे कवडसाताईंना सांगायला हवं. ती दोन झडपांच्या चौकटी जिथे एकमेकींवर येतात तिथे आणली तर जाणवत नाही. आणि रात्री? दिवे लावल्यावर ५ टक्क्यांच्या कापडातून बाहेरून आतली माणसं दिसतात.

सावलीशोध
दिसतात, मान्य. आमच्या मागे कुणाचं घर नाही.

ओसरी
आम्ही भाड्याच्या घरात राहतो, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. काचेवर फिल्म लावली. दिवसा आरशासारखी दिसते, बाहेरून आतलं काही कळत नाही. कवडसा, विचार करा.

तावदान
ओसरी, दिवसाचं ठीक. अशी फिल्म जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा असते. रात्री उजेड आत असतो, म्हणजे आरसा तुम्हाला आतून दिसतो आणि बाहेरच्याला सगळं स्पष्ट. कवडसा यांचा त्रास नेमका संध्याकाळचा आहे.

आणि एक काळजीचा मुद्दा. काच दुहेरी असेल तर काच बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय फिल्म लावू नका. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, त्या ताणाने काच कडेपासून तडकते. टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच हे सोसते, साधी सोसत नाही. जाड पडदासुद्धा काचेला चिकटून नसावा, चार-पाच सेंमी मोकळे सोडा.

सोफ्याचं कापड विटण्याबद्दल: चांगली फिल्म अतिनील किरणं ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. पण दिसणारा प्रकाश आणि उष्णता यांनीही रंग उडतो. विटणं लांबतं, थांबत नाही.

ओसरी
रात्रीचं खरं आहे. आम्ही रात्री पुढे एक घडीचा लाकडी आडोसा ओढतो.

चिमणदाणा
अवांतर, पण राहवत नाही म्हणून लिहिते. आरशासारखी फिल्म, नुसती चकचकीत काच, दोन्हीत पक्ष्यांना आकाश आणि झाडं दिसतात आणि ते जोरात येऊन आदळतात. आतला पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही, कारण प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतं. एखाद-दुसरं ससाण्याचं स्टिकरही पुरत नाही, पक्षी त्याला बगल देऊन शेजारच्या काचेवर आदळतो. ठिपके किंवा रेघा बाहेरून, एकमेकांपासून ५ सेंमीहून जास्त अंतर न ठेवता, पूर्ण काचभर हव्यात. तावदान म्हणतात ती बाहेरची जाळी लावली तर हे काम आपोआप होतं. कवडसा, जाळी लावा हो, दोन्ही साधेल.

गोफण
माणसांसाठीही ठिपके हवेत. पाहुणे बंद काचेवर नाक आपटतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

चिमणदाणा
गोफण, खरंच हवेत! डोळ्यांच्या उंचीवर एक रांग आणि मुलांच्या उंचीवर दुसरी.

शेवंती
इतके प्रतिसाद आले आणि दोरीबद्दल कुणीच बोललं नाही? घरात लहान मुलं आहेत असं धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय.

ब्लाइंड्सची लोंबती दोरी किंवा मण्यांच्या साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्यात बसतो, आणि मूल ओरडू शकत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत असलेल्यालाही कळत नाही. अनेक देशांत यामुळे मुलं गेली आहेत, म्हणून नियम झाले. अमेरिकेत तयार मिळणारे ब्लाइंड्स २०१८ च्या अखेरीपासून बिनदोरीचे किंवा हात न पोचणाऱ्या दोरीचे करावे लागले. ब्रिटनमध्ये दोरी-साखळी जमिनीपासून दीड मीटर वर हवी, नाही तर ती भिंतीला ताणून धरणारा क्लिप द्यावाच लागतो.

दारापाशी तर मुलं दिवसभर असतात. उभ्या पट्ट्या घ्यायच्या तर दोरी-साखळी नको, फिरवायची काठी मागा. तिनेच सरकतात आणि तिनेच वळतात. रोलर घ्यायचे तर स्प्रिंगचे. आणि पाळणा, खुर्ची, खेळण्यांचं खोकं दारापासून लांब ठेवा. हा मुद्दा रंग-कापडाच्या आधीचा आहे, मला तरी असंच वाटतं.

मोजपट्टी
शेवंतीताई, पूर्ण सहमत. जुन्या साखळ्या असतील त्यांनी निदान ताणून धरणारा क्लिप आजच लावून घ्यावा.

रानवारा
थोडं वेगळं विचारतो. आमचं काचेचं दार सरकत नाही, दोन झडपा आत उघडतात. पडदा लावला की झडपेत सापडतो. काय करावं?

मोजपट्टी
आवरण झडपेवरच बसवा, भिंतीवर नको. प्रत्येक झडपेला आपला रोलर किंवा घडीचा पडदा, आणि खाली दोन क्लिप, म्हणजे दार उघडताना ते झुलत नाही. हँडल किती पुढे येतं तेवढं मोजून मगच घ्या. पडदेच हवे असतील तर ट्रॅक इतका लांब घ्या की गठ्ठा पूर्णपणे झडपेच्या फिरण्याबाहेर जाईल. त्यासाठी बाजूला भिंत हवी.

धुके
आम्ही थंड हवेत राहतो, इथे उलटा प्रश्न आहे, ऊब बाहेर जाते. मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले सेल्युलर पडदे आडवे सरकणारे मिळतात, कप्प्यांत हवा अडकते. फरक पडतो. पण दोन्ही कडा घट्ट बसायला हव्यात, नाही तर मागून थंड हवा खाली उतरते आणि पायाला लागते. आणि घट्ट बंद केलं की काच आणखी थंड होऊन पाणी जमतं. सकाळी उघडून चौकट पुसून घ्यावी, नाही तर खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

भिंगरी
धुके, मोटरचे आहेत का? मोटरबद्दल कुणी लिहाल का?

धुके
मोटरचे आहेत. ट्रॅकच्या टोकाशी विजेचा पॉइंट आधीच काढून घ्यावा, नंतर भिंतीवरून लोंबती वायर फार वाईट दिसते. आणि वीज गेल्यावर हाताने सरकतो की नाही हे विकत घेण्याआधी स्वतः ओढून बघा. दार हा बाहेर पडायचा रस्ता आहे, ते अडून चालणार नाही.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही पक्षांना आपलाच विजय झाला असं वाटतंय :)

सध्या असं ठरतंय: बाहेरून पक्क्या झडपेवर खाली उतरणारी जाळी, दुपारसाठी (आणि पक्ष्यांसाठी, चिमणदाणा!). आतून दुहेरी ट्रॅक, काचेकडे झिरझिरीत, खोलीकडे पांढऱ्या अस्तराचा जाड पडदा. दोरी कुठेच नाही. दोन शंका उरल्यात. ट्रॅक भिंतीला की छताला? आणि जाड पडदा दोन भागांत की एकच सलग?

मोजपट्टी
दाराच्या वर छतापर्यंत किती जागा आहे? २०-३० सेंमी असेल तर छतालाच लावा. दोन ट्रॅक भिंतीपासून पुढे काढायचे म्हणजे ब्रॅकेट लांब होतो आणि चार पन्ह्यांच्या अस्तराच्या पडद्याचं वजन त्यावर लोंबतं. छतात ते वजन सरळ वरून धरलं जातं. फक्त वर खोटं छत असेल तर आत लाकडी पट्टी टाकून घ्या, नुसत्या पातळ बोर्डात स्क्रू धरत नाही. काचेकडचा ट्रॅक हँडलपासून मोजा, भिंतीपासून नाही.

उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजा. फरशी कुठेच सपाट नसते. सगळ्यात कमी भरेल ती उंची शिवणाऱ्याला द्या.

सुईदोरा
जाड पडदा एकच सलग करा, पक्क्या झडपेकडे गोळा होणारा. दोन भाग केले तर एक भाग कायम तुमच्या जायच्या वाटेत राहील. झिरझिरीत दोन भागांत चालेल, तो हलका असतो.

कापड सुती किंवा लिननचं असेल तर कापण्याआधी धुऊन वाळवून मगच द्या, ते आटतं. आणि अस्तर खालच्या कडेला मूळ कापडाला शिवून टाकू नका, सुटं ठेवा. दोन्ही कापडं वेगवेगळी आटली तर पडदा खालून गोळा होतो. रेशमी कापडाच्या वाटेला जाऊ नका, पश्चिमेच्या उन्हात त्याचे धागे विरतात.

शेवंती
आणि झिरझिरीत पडदा बाहेरून दिवे लावून एकदा स्वतः बघा, कवडसा. दिवसा सगळेच दाट वाटतात.

कवडसा
खोटं छत नाही, वर २५ सेंमी आहेत. म्हणजे छतालाच. शेवंती, नमुन्याचं कापड आज रात्री टाचण्यांनी लावून अंगणात उभी राहून बघते आणि इथे सांगते.